मावेल का, हे आधी विचारा

फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम लिहिल्याशिवाय सी भाषेचे प्रॅक्टिकल सहसा पुरे होत नाही. एके काळी आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी असे आणि त्यातला इंट १६ बिटांचा असे. ७ चे फॅक्टोरियल ५,०४० बरोबर यायचे. ८ चे मागितले की ४०,३२० ऐवजी पडद्यावर उणे २५,२१६ उमटायचे. धन संख्यांचा गुणाकार ऋण आला, म्हणजे काहीतरी बिघडले, हे नवख्या विद्यार्थ्यालाही कळत असे.

आजच्या संगणकांवर इंट बहुधा ३२ बिटांचा असतो. त्यात १२ चे फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० बरोबर येते. १३ चे खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे, पण पडद्यावर बहुतेक वेळा १,९३,२०,५३,५०४ दिसते. ही संख्या धन आहे, मोठी आहे, आधीच्या उत्तरापेक्षा जास्त आहे. तिच्याकडे पाहून कुणालाही शंका येणार नाही. प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रार करत नाही, चुकीचे उत्तर शांतपणे पुढच्या हिशेबाकडे सोपवतो. पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोचा खरा धोका या शांततेत आहे. म्हणून बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांसाठी सुरक्षित फंक्शने लिहिणे आणि ती कसून तपासणे ही सी भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकाची मूलभूत जबाबदारी आहे, असे मला ठामपणे वाटते.

मर्यादा आणि तिच्या पलीकडे

३२ बिटांच्या साइन्ड इंटमध्ये उणे २,१४,७४,८३,६४८ पासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्या संख्या मावतात. या दोन टोकांना पुढे ‘किमान’ आणि ‘कमाल’ म्हणू. कमाल आकडा प्रचंड वाटतो. पण हिशेब पैशांत ठेवला तर तो अवघा २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे होतो. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटची किंमत त्यात मावणार नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच प्रकारात मोजणाऱ्या यंत्रणांची मुदत १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, याचे उत्तर सी भाषा दोन वेगळ्या प्रकारे देते. अनसाइन्ड संख्यांसाठी नियम स्पष्ट आहे. जुन्या गाडीचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तशी अनसाइन्ड संख्या कमाल टोकानंतर शून्यावर येते. उत्तर हवे ते नसेल, पण काय येणार हे ठरलेले असते.

साइन्ड संख्यांच्या बाबतीत मात्र सी भाषेच्या मानकाने हात वर केले आहेत. तिथे ओव्हरफ्लो झाला तर प्रोग्रॅमचे वर्तन ‘अनिर्धारित’ ठरते. उत्तर चुकीचे येईल एवढाच त्याचा अर्थ नाही. अशा प्रोग्रॅमकडून कोणत्याही वर्तनाची हमी मानक देत नाही. सीची घडण प्रोग्रॅमरवर विश्वास ठेवण्याच्या वृत्तीतून झाली. तुम्ही बेरीज लिहिली आहे, त्याअर्थी ती मावेल याची काळजी तुम्ही घेतली आहे, असे भाषा गृहीत धरते. कंपायलर त्या गृहीतकाच्या आधाराने कोड वेगवान करतो.

याचा सर्वांत मोठा फटका तपासणीच्या कोडलाच बसतो. समजा कुणी लिहिले: ‘अ मध्ये १०० मिळवून आलेली बेरीज अ पेक्षा लहान असेल, तर ओव्हरफ्लो झाला’. वाचायला हे तर्कशुद्ध आहे. पण कंपायलरचा तर्क असा चालतो: साइन्ड बेरजेत ओव्हरफ्लो होतच नाही, म्हणून अ + १०० हे अ पेक्षा लहान असणे अशक्य, म्हणून ही अट कायम खोटी, म्हणून ती काढून टाकू. ऑप्टिमायझेशन चालू केले की तपासणी यंत्रकोडातून नाहीशी होते. २००७ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या बग-नोंदींमध्ये नेमक्या अशाच उदाहरणावरून मोठा वाद झाला. एका बाजूचे म्हणणे होते की कंपायलरने सुरक्षेचा कोड गिळला. दुसऱ्या बाजूचे उत्तर होते की मानकानुसार तो कोडच चुकीचा आहे. मानकाच्या अक्षरानुसार दुसरी बाजू बरोबर होती, आणि धडाही तिथेच आहे. साइन्ड बेरीज करून झाल्यावर ओव्हरफ्लो शोधायला निघणे म्हणजे उशीर करणे. प्रश्न क्रियेच्या आधी विचारायला हवा.

चूक महाग कशी पडते

२००२ च्या जूनमध्ये ओपनएसएसएच या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत एक गंभीर त्रुटी उघड झाली. समोरचा संगणक किती उत्तरे पाठवणार आहे, तो आकडा स्वतःच कळवत असे. प्रोग्रॅम त्या आकड्याला एका पॉइंटरच्या आकाराने गुणून तेवढी मेमरी मागत असे. ३२ बिटांच्या यंत्रावर पॉइंटर ४ बाइटांचा. हल्लेखोराने १,०७,३७,४१,८२५ असा आकडा कळवला तर गुणाकार ४,२९,४९,६७,३०० व्हायला हवा. पण ३२ बिटांत त्यातले ४,२९,४९,६७,२९६ गळून जातात आणि उरतात फक्त ४. चार बाइटांची जागा मिळते आणि त्यात अब्जावधी बाइट लिहिण्याची परवानगी असते. हा गुणाकार अनसाइन्ड होता, म्हणजे सीच्या नियमांनुसार पूर्णपणे वैध. नियमांत बसणारे गणितही घातक ठरू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात संख्या नेतानाही हेच घडते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांत तो नष्ट झाला. त्याचे सॉफ्टवेअर एडा भाषेतले होते, पण कारण आपल्या विषयातलेच: ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात भरताना ती मावली नाही. चौकशी अहवालाने नोंदवलेली बाब अधिक बोलकी आहे. अशा सात चलांपैकी चार चलांना संरक्षण दिले होते आणि तीन चले मोकळी ठेवली होती, कारण त्यांची मूल्ये मर्यादेतच राहतील असा हिशेब होता. हा कोड आधीच्या एरियन ४ साठी लिहिलेला होता. नव्या अग्निबाणाचा मार्ग वेगळा होता आणि जुने गृहीतक त्याला लागू पडले नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोईंग ७८७ साठी एक निर्देश काढला. जनरेटर नियंत्रण एकके सलग २४८ दिवस चालू राहिली तर त्यांतला एक गणक ओव्हरफ्लो होऊन विमानाची वीज जाऊ शकते, असे त्यात म्हटले होते. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजत गेले तर ३२ बिटांचा साइन्ड गणक सुमारे २४८ दिवसांनी भरतो. अशी चूक काही तासांच्या चाचणीत कधीही दिसणार नाही.

चार क्रिया, चार प्रश्न

आता फंक्शनकडे वळू. त्याचे रूप साधे ठेवावे: दोन संख्या घ्यायच्या, उत्तर कुठे ठेवायचे त्या जागेचा पॉइंटर घ्यायचा, आणि जमले की नाही ते परत सांगायचे. उत्तर मावत नसेल तर त्या जागेला हातही लावायचा नाही. उत्तर आणि अपयश एकाच परताव्यात कोंबू नये. ‘उणे १ आले तर चूक समजा’ असा संकेत ठेवला, तर खरे उत्तर उणे १ असेल तेव्हा काय करायचे?

त्या दोन संख्यांना अ आणि ब म्हटले, तर बेरजेचा प्रश्न असा:

ब > ० असेल आणि अ > कमाल − ब असेल, तर मावत नाही.
ब < ० असेल आणि अ < किमान − ब असेल, तर मावत नाही.

गंमत पाहा: ब धन असताना ‘कमाल − ब’ कधीच मर्यादेबाहेर जात नाही आणि ब ऋण असताना ‘किमान − ब’ सुद्धा जात नाही. तपासणीचे गणित स्वतः सुरक्षित असणे ही इथली पहिली अट आहे आणि ती पुढे प्रत्येक क्रियेत पाळावी लागते.

वजाबाकीत एक मोह होतो: अ − ब म्हणजे अ + (−ब), तेव्हा ब चे चिन्ह बदलून बेरजेचेच फंक्शन वापरू. हा रस्ता एका ठिकाणी तुटतो. ऋण बाजूला धन बाजूपेक्षा एक संख्या जास्त आहे. किमान मूल्याचे चिन्ह बदलले तर येणारी संख्या इंटमध्ये मावतच नाही. उणे १ मधून किमान वजा केले तर उत्तर नेमके कमाल येते, ते मावते. पण मोहाच्या रस्त्याने गेलेले फंक्शन तिथे पोहोचण्याआधीच अनिर्धारित प्रदेशात शिरते. म्हणून वजाबाकीचे प्रश्न वेगळे लिहावेत: ब धन असेल तर ‘अ < किमान + ब’ आणि ऋण असेल तर ‘अ > कमाल + ब’.

गुणाकार सर्वांत अवघड. दोन्ही संख्यांच्या चिन्हांप्रमाणे चार शक्यता होतात आणि प्रत्येकीत भागाकाराने मर्यादा काढावी लागते. दोन्ही धन असतील तर ‘अ > कमाल ÷ ब’ असा प्रश्न. अ धन आणि ब शून्य किंवा ऋण असेल तर ‘ब < किमान ÷ अ’. इथे कशाने भागायचे हे महत्त्वाचे आहे. उलट करून किमानला ब ने भागले आणि ब नेमका शून्य किंवा उणे १ निघाला, तर तपासणीच कोसळते. अ शून्य किंवा ऋण आणि ब धन असेल तर ‘अ < किमान ÷ ब’. दोन्ही शून्य किंवा ऋण असतील तर आधी अ शून्य नाही याची खात्री करून मग ‘ब < कमाल ÷ अ’ विचारावे.

३२ बिटांसाठी आणखी सोपा मार्ग आहे. दोन्ही संख्या ६४ बिटांत नेऊन गुणाव्यात आणि उत्तर मर्यादेत आहे का ते पाहावे. ६४ बिटांत हा गुणाकार नेहमीच मावतो. मात्र रुंदी गुणाकाराच्या आधी वाढवावी लागते. आधी गुणून मग उत्तर ६४ बिटांत ढकलले तर नुकसान होऊन गेलेले असते. ‘लाँग’ या प्रकारावरही भिस्त ठेवू नये. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा. रुंदी नावातच सांगणारे ठरीव प्रकार वापरावेत.

भागाकारात शून्याची आठवण सगळ्यांना असते. दुसरी अडचण बरेच जण विसरतात: किमानला उणे १ ने भागणे. उत्तर कमालपेक्षा एकाने मोठे येते. एक्स८६ प्रोसेसरवर ही क्रिया चुकीचे उत्तर देत नाही, थेट अपवाद उभा करते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. त्याच जोडीची बाकी काढतानाही हेच होते, जरी गणिती उत्तर सरळ शून्य असले तरी. किमानचे निरपेक्ष मूल्य काढणे हाही याच कुळातला दोष.

आजच्या कंपायलरांनी यातले बरेच कष्ट कमी केले आहेत. क्लँगमध्ये आणि २०१५ च्या जीसीसी ५ पासून जीसीसीमध्ये, ओव्हरफ्लो झाला का हे सांगणारी अंगभूत फंक्शने आहेत. ती प्रोसेसरच्या ओव्हरफ्लो फ्लॅगचा उपयोग करू शकतात, त्यामुळे तपासणीचा खर्च फार थोडा पडतो. सीच्या सी२३ या नव्या मानकाने बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांच्या तपासलेल्या आवृत्त्या अधिकृतपणे दिल्या आहेत. भागाकार मात्र त्यांत नाही. तो आपला आपल्यालाच सांभाळावा लागतो. जुन्या कंपायलरवर चालणारी उपकरणे, लहान मायक्रोकंट्रोलर आणि वर्षानुवर्षांचा कोड यांच्यासाठी वरचे हाती लिहिलेले प्रश्न अजूनही लागतात. शिवाय ते स्वतः एकदा लिहून पाहिल्याशिवाय अंगभूत फंक्शन आपल्याला कशापासून वाचवते हे उमगत नाही.

तपासणाऱ्याची तपासणी

फंक्शन लिहिले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे चाचणीचे, आणि इथे बुद्धीचा कस अधिक लागतो.

सर्व जोड्या तपासता येतील का? ८ बिटांच्या संख्यांच्या जोड्या २५६ × २५६, म्हणजे ६५,५३६, क्षणात होतात. १६ बिटांच्या सुमारे ४२९ कोटी. त्याही साध्या संगणकावर आवाक्यात आहेत. ३२ बिटांच्या जोड्या मात्र २ च्या ६४ व्या घाताइतक्या. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८४ वर्षे लागतील. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा की तोच तर्क ८ बिटांसाठी लिहावा आणि तिथे एकही जोडी सोडू नये.

पण या चाचणीला एक छुपी मर्यादा आहे. सी भाषा ८ आणि १६ बिटांच्या संख्यांवर क्रिया करण्यापूर्वी त्यांना इंटमध्ये रूपांतरित करते. त्यामुळे ८ बिटांच्या उणे १२८ ला उणे १ ने भागले तर १२८ असे उत्तर बिनतक्रार येते. ३२ बिटांत त्याच जागी प्रोग्रॅम कोसळला असता. ८ बिटांची परिपूर्ण चाचणी तर्क बरोबर आहे हे सिद्ध करते, तपासणीचे गणित स्वतः सुरक्षित आहे हे सिद्ध करत नाही. त्यासाठी खऱ्या रुंदीवर सीमारेषेच्या संख्या वापराव्या लागतात.

सीमारेषा म्हणजे फक्त दोन टोके नव्हेत. शून्य, एक, उणे एक, दोन्ही टोके आणि त्यांचे शेजारी तर हवेतच. शिवाय गुणाकाराच्या आतल्या सीमाही हव्यात. ४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० आहे, तो मावतो. ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ मावत नाही. ६५,५३६ ला ३२,७६८ ने गुणले तर उत्तर कमालपेक्षा नेमके एकाने मोठे येते. पण उणे ६५,५३६ ला ३२,७६८ ने गुणले तर उत्तर नेमके किमान येते आणि ते मावते. चिन्हाच्या एका फरकाने उत्तर बदलणारी अशी जोडी चाचणीत असेल, तर ‘पेक्षा मोठे’ आणि ‘पेक्षा मोठे किंवा समान’ यांतली गफलत लपू शकत नाही. अशा वीस संख्या निवडल्या आणि प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घातली तर जोड्या होतात अवघ्या ४००.

यादृच्छिक संख्या वापरतानाही सावध राहावे. ३२ बिटांतून कशाही दोन संख्या उचलल्या तर त्यांचा गुणाकार जवळजवळ कधीच मावत नाही. मावणारी जोडी साधारण नऊ-दहा कोटींत एखादी निघते. म्हणजे लाखो यादृच्छिक चाचण्या केल्या तरी फंक्शनने ‘हो’ म्हणण्याचा प्रसंगच आला नाही, असे होऊ शकते. त्यासाठी आधी संख्येची बिटलांबी यादृच्छिक निवडावी आणि मग त्या लांबीची संख्या घ्यावी. लहान-मोठ्या सर्व आकारांच्या संख्या मग सारख्या प्रमाणात येतात.

बरोबर उत्तर कुठून मिळवायचे? ते तपासल्या जाणाऱ्या तर्कापेक्षा स्वतंत्र असावे. ३२ बिटांसाठी ६४ बिटांचे गणित पुरेसे आहे; ६४ बिटांसाठी पायथनसारख्या भाषेची मदत घ्यावी, कारण तिथे पूर्णांकाला रुंदीची मर्यादा नाही. आणि तुलना दोन्ही बाजूंनी करावी. मावणारे उत्तर नाकारणारे फंक्शनही तितकेच चुकीचे आहे. प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणणारे फंक्शन कधीच ओव्हरफ्लो होऊ देत नाही, आणि कुणाच्याही कामाचे नसते. नकारानंतर उत्तराच्या जागेतले जुने मूल्य तसेच आहे ना, तेही पाहावे.

हा सगळा संच ऑप्टिमायझेशनशिवाय एकदा आणि ऑप्टिमायझेशनसह एकदा चालवावा, शक्य असल्यास जीसीसी आणि क्लँग या दोन्हींवर. दोन उत्तरांत फरक पडला तर कोडमध्ये अनिर्धारित वर्तन दडले असल्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. त्यासोबत अनिर्धारित वर्तन पकडणारा सॅनिटायझर चालू ठेवावा. साइन्ड ओव्हरफ्लो घडताच तो ओळ क्रमांकासह सांगतो. शेवटी फंक्शनमध्ये मुद्दाम एकेक चूक करावी: एक अट उलटवावी, एक समानता घालावी, शून्याची तपासणी काढावी. प्रत्येक चुकीला किमान एक चाचणी नापास झाली पाहिजे. एखादी चूक निसटली, तर चाचणीसंचात भोक आहे आणि ते कुठे आहे हेही कळले.

नकारानंतर

फंक्शनने ‘मावत नाही’ असे सांगितले, पुढे काय? याचे एकच उत्तर नाही, आणि म्हणूनच ते कोणतेही मानक किंवा कंपायलर आपल्या वतीने देऊ शकत नाही. आवाजाच्या प्रक्रियेत मूल्य कमाल टोकावर थांबवणे योग्य ठरते. ध्वनी क्षणभर फाटतो, एवढेच. मेमरी मागताना थेट नकार देणे हाच सुरक्षित मार्ग. पैशांच्या हिशेबात व्यवहार थांबवून नोंद करायला हवी, कारण तिथे टोकावर थांबवलेली रक्कमही खोटीच असते. उडत्या यंत्रात नियंत्रण चालू ठेवून त्या मोजमापावरचा विश्वास काढून घ्यावा लागतो. एरियन ५ मध्ये न मावणाऱ्या संख्येने जो अपवाद उभा केला, त्याने अग्निबाणाची दिशा आणि हालचाल मोजणारा संगणकच बंद केला. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर होते आणि तोही त्याच कारणाने बंद पडला. संख्या मावली नाही हे यंत्राला कळले होते; कळल्यावर काय करायचे हे माणसांनी नीट ठरवले नव्हते. सुरक्षित अंकगणिताचे फंक्शन आपल्याला वेळेवर सूचना देते. त्या सूचनेला उत्तर कोणते द्यायचे, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवून ठेवणे हे प्रोग्रॅमरचे काम आहे.